निरीक्षक म्हणजे समुद्रावरचा पोलीस नव्हे

अलास्काच्या मासेमारी बोटींवर येणारा निरीक्षक दंड ठोकणारा सरकारी शिपाई असतो, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. तो बहुधा जीवशास्त्राचा पदवीधर असतो. प्रशिक्षण सरकारी मत्स्यखात्याचे, पण पगार खासगी कंपनीचा. मासळीचे नमुने मोजणे, नकोशी आलेली हॅलिबट ही चपटी मासळी नोंदवणे आणि गळाच्या लांब दोरीला अडकलेला अल्बॅट्रॉस हा समुद्रपक्षी किंवा जाळ्यात सापडलेला समुद्रसिंह यांची नोंद घेणे, हे त्याचे काम. दंड करण्याचा किंवा बोट अडवण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र नियमभंग दिसल्यास तो लिहून ठेवतो आणि ती नोंद पुढे अंमलबजावणी विभागाकडे जाऊ शकते; गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच असावे.