हॅम्स्टर : व्यालेल्या मादीचे व पिल्लांचे संगोपन

हॅम्स्टर या कुरतडणाऱ्या छोट्या पाळीव प्राण्याची मादी गाभण राहिल्यापासून तिची पिल्ले वेगवेगळी करेपर्यंत घ्यावयाची काळजी. हा काळ सुमारे आठ ते दहा आठवड्यांचा असतो. मराठवाड्यात हॅम्स्टर शहरी घरांत पाळला जातो आणि मुख्यतः पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून येतो. दुकानात नर-माद्या एकत्र ठेवलेल्या असल्या, तर घरी आणलेली मादी आधीच गाभण असण्याचा संभव असतो. पिंजऱ्यात एके सकाळी पिल्ले दिसल्यावरच मालकाला ते कळते.

भारतात हॅम्स्टर-कुलातील रानटी जाती लडाखसारख्या हिमालयीन प्रदेशापुरत्या आहेत. दख्खनच्या पठारावर हा प्राणी मूळचा नाही. शेतातले उंदीर व घुशी यांच्याशी त्याची गल्लत करू नये. पाळण्यात असलेल्या जातींपैकी सिरियन अथवा सोनेरी हॅम्स्टर (मेसोक्रिसेटस ऑरेटस) सर्वांत परिचित असून कॅम्पबेल, झुंगारियन, रोबोरोव्हस्की व चिनी या जाती आकाराने लहान आहेत. पुढील वर्णन, वेगळे सांगितले नसल्यास, सिरियन जातीचे समजावे.

नाव : ‘हॅम्स्टर’ हा शब्द जर्मन भाषेतून पसरला. जर्मनमध्ये ‘हॅम्स्टर्न’ म्हणजे साठेबाजी करणे. त्यावरून प्राण्याचे नाव पडले असे सर्रास सांगितले जाते. पण क्रम बहुधा उलटा आहे, म्हणजे प्राण्याच्या दाणे साठवण्याच्या गालपिशव्यांवरून क्रियापद आले असावे. प्राचीन जर्मनमधील ‘हमुस्त्रो’ हे रूप जुन्या स्लाव्ह भाषेतून घेतले गेले असे एक मत आहे. त्याचे मूळ अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील ‘खाली पाडणारा’ या अर्थाच्या शब्दात शोधले जाते; हा प्राणी कणसे खाण्यासाठी ताटे वाकवतो, असा त्याचा खुलासा केला जातो. स्लाव्ह भाषेपर्यंतचा दुवा ग्राह्य वाटतो, इराणी दुवा मात्र जपूनच घ्यावा.

पाळीव कुळाचा उगम : ॲलेक्झांडर रसेल यांच्या अलेप्पो या सिरियातील शहराविषयीच्या ग्रंथाच्या 1794 च्या आवृत्तीत या प्राण्याचे वर्णन आढळते. शास्त्रीय नामकरण जॉर्ज वॉटरहाउस यांनी अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून 1839 मध्ये केले. सुमारे 1880 मध्ये जेम्स स्कीन यांनी काही जिवंत हॅम्स्टर एडिंबरोस नेले. त्यांचा वंश 1910 च्या सुमारास संपला असे मानतात. आजचे पाळीव हॅम्स्टर 1930 मध्ये अलेप्पोजवळ खणून काढलेल्या एका मादीच्या वेतातून आले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील परोपजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांना काळा आजाराच्या गटातील रोगांच्या अभ्यासासाठी हॅम्स्टर हवे होते. चिनी हॅम्स्टर बंदिवासात नीट वीत नव्हते. ॲडलर यांच्या विनंतीवरून प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी ही मोहीम केली.

त्या वेतातील पिल्लांची संख्या निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळी दिलेली आहे. अहारोनी यांच्या आठवणीनुसार ती अकरा होती. बिळाची खोलीही वादाची आहे. त्यांच्या कथनात ती सुमारे अडीच मीटर येते, तर 1997 व 1999 मधील मोहिमांत संशोधक गाटरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलेली बिळे 36 ते 106 सेंमी., सरासरी 65 सेंमी. खोल होती. मोजलेले आकडे अधिक विश्वसनीय मानावेत. संगोपनाच्या दृष्टीने या हकिगतीतला एक तपशील फार महत्त्वाचा आहे : पेटीत ठेवताच त्या मादीने स्वतःचे एक पिल्लू मारले. मग तिला पिल्लांपासून दूर करण्यात आले आणि उरलेली पिल्ले माणसांनी हाताने वाढवली. त्यांतील मोजकीच टिकली आणि भावा-बहिणींच्या संबंधातून पुढचा वंश वाढला. घरोघरच्या हॅम्स्टरांची कथा अशी एका हादरलेल्या आईपासून सुरू होते. बिळातून उचलणे, उजेड, अनोळखी वास आणि हाताळणी ही त्या दिवसाची सारी कारणे आजही तशीच लागू आहेत.

मादी पिल्ले का खाते, यावर मतभेद आहेत. जुना समज असा की ही निव्वळ विकृती आहे. संशोधक डे व गॅलेफ यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळे दिसले : वेतात परकी पिल्ले घातल्यावर माद्यांनी जास्त पिल्ले खाल्ली, तर काही पिल्ले काढून घेतल्यावर हे प्रमाण घटले. म्हणजे आपल्याला पोसता येतील तेवढीच पिल्ले मादी राखते, असे त्यांचे प्रतिपादन. हे मत पटण्याजोगे आहे, मात्र तेवढ्याने सर्व घटनांचा उलगडा होत नाही; अपुरे अन्न, पाण्याचा तुटवडा व भीती यांचाही हात असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाबरलेली मादी पिल्लांना गालपिशवीत भरून दुसरीकडे नेते. पाहणाऱ्याला ती त्यांना गिळत आहे असे वाटते आणि तो पिंजऱ्यात हात घालतो. त्या हातानेच मग खरा अनर्थ होतो.

गर्भकाळ व वीण : सिरियन मादीचा गर्भकाळ सुमारे 16 दिवसांचा, जरायुज (वार असणाऱ्या) सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी कालावधींपैकी एक आहे. छोट्या जातींत तो 18 ते 22 दिवस असतो. एका वेतात बहुधा चार ते बारा पिल्ले होतात. सिरियन मादी एकलकोंडी असून समागमानंतर नराला पिटाळते, प्रसंगी जखमी करते. म्हणून नर लगेच वेगळा करावा. कॅम्पबेल जातीत नर पिल्लांची काळजी घेतो, इतकेच नव्हे तर प्रसूतीत पिल्लू बाहेर ओढण्यास मदत करतो, असे संशोधक जोन्स व विन-एडवर्ड्स यांनी 2000 मध्ये नोंदवले. तथापि छोट्या जातींच्या माद्या प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकतात. नराच्या मदतीपेक्षा लागोपाठच्या बाळंतपणांचा ताण टाळून घरगुती पाळणाऱ्याने मादीची प्रकृती जपावी.

वीण दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. साडेबारा तासांहून कमी उजेड मिळत राहिला, तर सिरियन हॅम्स्टरची जननेंद्रिये काही आठवड्यांत आक्रसतात. मराठवाड्याच्या अक्षांशावर (सुमारे 17.5° ते 20.5° उ.) दिवस साडेबारा तासांहून मोठा असतो तो साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. नैसर्गिक उजेडात ठेवलेल्या मादीचा विणीचा हंगाम अशा रीतीने येथील सर्वांत कडक उन्हाळ्यात सुरू होतो. घरातल्या रात्रीच्या दिव्यांमुळे हा नियम मोडतो आणि डिसेंबरातही पिल्ले होतात. ज्याला वेत घ्यायचेच आहे त्याने दिव्याच्या आधारे ते पावसाळ्यानंतर, दसरा-दिवाळीच्या पुढे घ्यावे.

उष्णता : या प्राण्याला 20° ते 24° से. तापमान मानवते. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42° च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. आईच्या अंगाखाली दहा पिल्लांची ऊब असताना ही उष्णता जीवघेणी ठरते : मादी घरट्यातून उठून दूर आडवी पडते, दूध कमी होते. जाड मातीच्या छताचे माळवदाचे घर अजून राहिले असेल तिथली आतली खोली सर्वांत उत्तम. एरवी पिंजरा उत्तर बाजूच्या खोलीत, जमिनीलगत ठेवावा; आत घरट्यापासून दूरच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा मांडावा; गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगास टेकवावी. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये, नागड्या पिल्लांना तो सोसत नाही. चारही बाजूंनी बंद काचेची पेटी परदेशी मार्गदर्शनात सुचवली जाते, ती उन्हाळ्यात येथे भट्टी होते. वर जाळीचे झाकण असलेला रुंद प्लॅस्टिकचा टब बरा. गजांचा पिंजरा असल्यास गजांतील अंतर 6-7 मिमी.हून जास्त नसावे, कारण डोळे न उघडलेली पिल्लेही रांगत बाहेर पडतात. हिवाळ्यात परभणीचा रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो. तेव्हा अस्तर दुप्पट करावे.

घरटे : घरट्यासाठी वास नसलेला टिश्यू कागद फाडून द्यावा, मादी तो स्वतः रचते. कापूस देऊ नये. हे आग्रहाने सांगावे लागते, कारण कापूस पिकवणाऱ्या या मुलखात तो घरात सहज हाताशी असतो आणि मायेपोटी ओंजळभर टाकला जातो. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना फास बसवतात, पाय काळा पडून गळतो. पोटात गेलेला कापूस पचत नाही. करवतीचा बारीक भुसा नाका-डोळ्यांत जातो. रंध्याखाली निघणारे पातळ कुरळे पापुद्रे चालतील, पण तेही उग्र वासाच्या लाकडाचे नकोत. आडवे ठेवलेले, रंग न दिलेले लहान मडके आडोशाला चांगले. पिंजरा प्रसूतीच्या दोन-तीन दिवस आधी साफ करून मग सुमारे दोन आठवडे घरट्यास हात लावू नये. ओला झालेला कोपरा तेवढा चमच्याने काढावा.

मुंग्या हे येथील मोठे संकट आहे. प्रसूतीच्या वासाने व सांडलेल्या दाण्यांमुळे लाल मुंग्या रात्रीत घरट्यात शिरतात. धान्याच्या कपाटाला करतात तसेच पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांची पावडर किंवा खडू पिंजऱ्याजवळ वापरू नये.

जुन्या घरांत बाळंतिणीची खोली आत, अंधारी, येणे-जाणे मोजके अशी असे. ती शिस्त हॅम्स्टरच्या मादीला तंतोतंत लागू पडते : पहिले दोन आठवडे पिंजऱ्यावर अर्धे फडके, शेजारच्या लेकरांना दाखवणे बंद, लग्नसराईतील बँड-डीजेच्या भिंतीपासून दूरची खोली. शेक-शेगडी आणि डिंकाचा लाडू मात्र इथे नकोत. गोड पदार्थ, विशेषतः मधुमेहाकडे झुकणाऱ्या कॅम्पबेल व चिनी जातींना, अपायकारक आहेत.

आहार : दूध पाजणाऱ्या मादीला प्रथिने जास्त लागतात. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या मिश्रणाबरोबर रोज उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मीठ नसलेले पनीर किंवा मोड आलेले मूग चिमूटभर द्यावेत. बिनमिठाच्या भाकरीचा वाळका तुकडा तिला आवडतो. करडई व सूर्यफूल येथे मुबलक असले तरी तेलबिया दिवसाला चार-पाच दाण्यांपुरत्या ठेवाव्यात. कच्चे सोयाबीन, कच्चा बटाटा, कांदा, लसूण आणि जालन्याची मोसंबी धरून सर्व आंबट फळे वर्ज्य. पाण्याची बाटली दिवसातून दोनदा पाहावी. नळीची गोळी अडकली तर मे महिन्यात एका दुपारीत सारे वेत हातचे जाते.

पिल्लांची वाढ : जन्मतः पिल्लू 2 ते 3 ग्रॅमचे, नागडे, आंधळे, पण पुढच्या दातांसह असते. पाचव्या दिवसाच्या सुमारास अंगावर लव दिसते. सात ते दहा दिवसांचे झाल्यावर ते आईने आणलेले दाणे कुरतडू लागते. डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात. दहाव्या दिवसापासून भिजवलेला दाणा घरट्याच्या तोंडाशी टाकावा आणि पाण्याची नळी पिल्लांच्या उंचीपर्यंत उतरवावी. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू आई बहुधा स्वतःच उचलते. न उचलल्यास चमचा घरट्यातील कागदात घोळवून त्याने आत सरकवावे. हाताने उचलण्याची सवय तिसऱ्या आठवड्यापासून लावावी.

दूध सुमारे 21 दिवसांनी तुटते. चौथ्या आठवड्याच्या आत नर व माद्या वेगळ्या कराव्यात, कारण चार-पाच आठवड्यांची मादीही गाभण राहू शकते आणि भाऊ तिच्याजवळच असतो. शेपटीखालील दोन छिद्रांतील अंतर नरात जास्त, मादीत कमी असते. सहा ते आठ आठवड्यांनी सिरियन पिल्ले एकमेकांना फाडू लागतात. प्रत्येकाला तेव्हा स्वतंत्र पिंजरा हवा. दहा पिल्लांचे दहा पिंजरे, हा हिशेब वेत घेण्यापूर्वीच करावा. ज्यांना पिल्ले द्यायची ती घरे आधी ठरवावीत. दुकानाला द्यायची झाल्यास, 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे, हे तपासावे.

आजार : दूध तुटण्याच्या सुमारास शेपटीखाली सतत ओले दिसणे, हगवण व पाठीला बाक येणे ही ‘ओली शेपटी’ या आतड्याच्या रोगाची लक्षणे असून पिल्लू दोन दिवसांत दगावू शकते. त्याचा एक कारक लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हा जीवाणू होय. घरातले माणसांचे प्रतिजैविक कदापि देऊ नये. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन ही औषधे हॅम्स्टरच्या आतड्यातील जीवाणूंचा समतोल बिघडवून त्याला मारतात. मराठवाड्यात पशुवैद्यकीय महाविद्यालये परभणी व उदगीर येथे आहेत. गावातील पशुवैद्यकाला दाखवतानाही हा मुद्दा आपणहून सांगावा. हॅम्स्टर लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस हा विषाणू वाहू शकतात आणि तो गर्भातील बाळाला घातक आहे. म्हणून घरात कोणी गरोदर असल्यास पिंजऱ्याची साफसफाई तिच्याकडे देऊ नये आणि पिंजरा तिच्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.