सिग्नल नुसता पिवळा का लुकलुकतो

चौकातला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकायला लागला की आपण म्हणतो सिग्नल बंद पडलाय, आणि चारही बाजूंनी गाड्या दामटल्या जातात. रात्री मुद्दाम तसा ठेवतात ते सोडा, पण एरवी भर दिवसा तसं दिसलं तर बऱ्याचदा आत काहीतरी गडबड झालीय हे सिग्नललाच कळलेलं असतं आणि त्याने स्वतःहून हिरवा बंद करून टाकलेला असतो. ही अक्कल त्याला यायला बराच काळ गेलाय.

रस्त्यावरचा पहिला सिग्नल लागला लंडनला पार्लमेंटजवळ, डिसेंबर 1868 मध्ये. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वेतल्या माणसाची कल्पना, त्यामुळे सगळा थाट रेल्वेचाच, दिवसा वरखाली होणारे हात, रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे, आणि ते चालवायला खाली एक पोलीस उभा. पुढच्याच महिन्यात गॅस गळून स्फोट झाला, तो ड्युटीवरचा पोलीसच जखमी झाला, आणि नंतर ते प्रकरण काढूनच टाकलं. लंडनला परत सिग्नल दिसायला 1920 चं दशक उजाडलं.

विजेचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलँडला 5 ऑगस्ट 1914 ला सुरू झाला. लाल आणि हिरवा एवढेच दिवे, रंग बदलायच्या आधी बझर वाजायचा. पण वायरिंगच असं केलं होतं की आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा लागूच शकत नव्हता, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पिवळा आला 1920 मध्ये, डेट्रॉइटचे पोलीस विल्यम पॉट्स यांच्यामुळे.

मधे एक मजेशीर भांडणही झालं. अमेरिकेतल्या सिराक्यूज शहराच्या टिपररी हिल या आयरिश वस्तीत 1920 च्या दशकात सिग्नल लागला तर पोरं दगड मारून लाल काच फोडायची, ब्रिटिशांचा लाल आमच्या हिरव्याच्या डोक्यावर कसा म्हणून. शेवटी हिरवा वर लावला, तो आजही तसाच आहे. पण ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही ते लोक दिव्याची जागा बघूनच गाडी चालवतात, त्यामुळे बाकी जगात लाल वरच राहिला ते बरंच झालं.

पुढे दिवे आपोआप बदलणारे कंट्रोलर आले, सर्किट आलं, आणि दोन हिरव्यांची भीती परत आली, कारण वायर शॉर्ट झाली, पाणी शिरलं की काहीही होऊ शकतं. म्हणून चौकातल्या त्या लोखंडी डब्यात एक वेगळं युनिट बसवायला लागले, ज्याचं काम एकच, दिव्यांकडे जाणाऱ्या करंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. एकमेकांना छेद देणारे दोन हिरवे एकदम दिसले किंवा लाल लागायला हवा तिथे लागलाच नाही, की ते कंट्रोलरला बाजूला सारतं आणि सगळा चौक लुकलुकण्यावर टाकतं. पिवळा लुकलुकला तर वेग कमी करून नीट बघून जायचं, लाल लुकलुकला तर आधी पूर्ण थांबायचं आणि मग निघायचं.

अर्थात दिसण्यातल्या गडबडी या युनिटला कळत नाहीत. जुन्या बल्बच्या सिग्नलमध्ये मागे आरसा असायचा, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलं की बंद दिवाही लागल्यासारखा वाटायचा. एलईडीने ते बरंच कमी केलं, वीजही वाचली, पण एलईडी समोरून तापत नाही, त्यामुळे थंड देशात काचेवर साचलेला बर्फ वितळेना आणि दिवाच झाकला जायला लागला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण उरलेले सेकंद दाखवणारे टायमर आहेत. त्यातला प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा, एक पट्टी गेली की आकडाच बदलतो. मधली गेली तर 8 चा 0 होतो, वरची उजवी गेली तर 9 चा 5 दिसतो, म्हणजे मधली पट्टी गेलेल्या टायमरवर 18 सेकंद उरलेले असताना 10 दिसतं आणि पुढच्या सेकंदाला 17.