ग्रामीण शौचालये, गोव्यातील

गोव्याच्या खेड्यांतील घरगुती संडास, त्यांचे बांधकाम व त्यांच्या प्रसाराचे प्रयत्न. परसाकडे जाण्याची जुनी रीत डोंगरपट्ट्यात, विशेषतः सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांत, अधिक काळ टिकली. किनारी भागात मात्र घरामागे बांधलेला संडास पूर्वीपासून परिचित होता. तो बहुधा डुकरांचा असे.

डुकरांच्या संडासात चिऱ्यांच्या उंच जोत्यावर बसण्याची जागा असे. तिच्याखालून उतरती नाळ बाहेर काढलेली असे व तिच्या तोंडाशी डुकरे मैला खाऊन टाकत. मुख्यतः ख्रिस्ती घरांतून आढळणाऱ्या या पद्धतीचा उगम अनिश्चित आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या (इ.स.पू. 206–इ.स. 220) थडग्यांत डुकरांच्या गोठ्याला जोडलेल्या संडासाच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या असून ओकिनावा व कोरियातील जेजू बेटावरही असे संडास होते. यावरून ही रीत चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगिजांच्या मकाव वसाहतीमार्गे आली, असा तर्क करता येतो. तथापि त्याला कागदोपत्री आधार नाही. जेथे डुक्कर घरी पाळले जाते तेथे ही सोय स्वतंत्रपणे निर्माण होणे अधिक संभवनीय वाटते. आरोग्याच्या दृष्टीने ती घातक होय : माणसाच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी डुकराच्या पोटात व त्याच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून कृमी पुन्हा माणसात, असे चक्र पूर्ण होते. अंडी थेट माणसाच्या पोटात गेल्यास कृमीची पुटी मेंदूत वाढून अपस्मारासारखे झटके येऊ शकतात.

शासकीय प्रसाराचा भर दोन शोषखड्ड्यांच्या पाणबंद (दुर्गंधी अडवण्यासाठी भांड्याखाली पाणी राहणाऱ्या) संडासावर राहिला. तीव्र उताराच्या भांड्यामुळे दीड-दोन लिटर पाणी पुरते. एक खड्डा भरला की दुसरा वापरतात. पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षांत कुजून खत होतो. परंतु गोव्याची जमीन या रचनेला सर्वत्र अनुकूल नाही. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून पाणी गाळले न जाता वेगाने वाहते. पाऊस वर्षाला सुमारे 3,000 मिमी. पडतो आणि विहीर अनेकदा त्याच परसात असते. खड्डा विहिरीपासून किमान 10 मी. दूर व त्याचा तळ भूजलाच्या 2 मी. वर असावा, हा सर्वसाधारण नियम लहान परसात पाळणे अवघड जाते आणि खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून लागवडीखाली आणलेल्या सखल) जमिनीलगत तर जवळजवळ अशक्यच. जुन्या गोवा शहराच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या पूर्वीच्या राजधानीच्या, ऱ्हासाची मीमांसा करतानाही सांडपाणी जमिनीतून झिरपून विहिरी दूषित होण्याचे कारण पुढे केले जाते. तेथील 1543 च्या पटकीचे (कॉलऱ्याचे) वर्णन पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैया याने केले आहे. ऱ्हासाचे सारे खापर मात्र एकट्या विहिरींवर फोडता येत नाही. भूजल वर असेल तेथे खड्ड्याभोवती वाळूचा थर किंवा बंदिस्त टाकी सुचवतात. टाकी उपसण्याची सोय नसल्यास तिचाही उपयोग मर्यादित राहतो.

जमिनीचा हक्क ही दुसरी अडचण. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला (कुळाला) 1975 च्या अधिनियमाने निष्कासनापासून संरक्षण दिले, तरी संडासासाठी ना हरकत दाखला मिळवताना वाद होतात. भाड्याच्या खोल्यांतील परप्रांतीय मजुरांची गैरसोय याहून मोठी असून तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

संपूर्ण स्वच्छता अभियान (1999), निर्मल भारत अभियान (2012) व स्वच्छ भारत अभियान (2014) यांतून अनुदाने मिळाली. शेवटच्या योजनेत पात्र ग्रामीण कुटुंबास 12,000 रुपये मिळत. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या ग्रामीण भागातील सुमारे 71 टक्के घरांच्या आवारात शौचालय होते. 2 ऑक्टोबर 2019 रोजी देशाचा ग्रामीण भाग उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. त्याच सुमारास गोव्यात पंचायतींमार्फत जैवशौचालयेही देण्यात आली. त्यांत सूक्ष्मजंतू मैल्याचे विघटन करतात व टाकी बंद असते. बाहेर पडणारे पाणी मात्र अखेर त्याच जांभ्यात मुरते.