शार्कीच्या गुत्त्यातला अंधार

आपल्या खान्देशात जत्रेची दंगल भर उजेडात होते. आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या; भोंग्यावरून रक्कम पुकारली जाते आणि गावातली मानाची मंडळी पुढेच बसलेली असतात. त्या नजरेने अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोजची बॉक्सिंगची चित्रं पाहिली, की त्यातला काळोख खटकतो. हा काळोख बराचसा कायद्याने आणलेला आहे.

न्यूयॉर्क राज्याने १९०० साली जाहीर इनामी लढतींवर बंदी घातली. खासगी क्लबाने सभासदांपुरती लढत ठेवली तर मात्र चालायचं. मग काय, दारात पैसे टाकले की प्रेक्षक सभासद, आणि लढणारेही त्या रात्रीपुरते सभासद! टॉम शार्की या निवृत्त बॉक्सरच्या दारूच्या गुत्त्यात असाच क्लब चाले. बेलोजचा स्टुडिओ रस्त्यापलीकडे.

बेलोजच्या आधी थॉमस ईकिन्सने १८९८-९९ मध्ये बॉक्सर रंगवले होते, पण विश्रांती घेणारे, अभिवादन करणारे, खाली पडलेले. प्रत्यक्ष ठोसा त्याने टाळला. बेलोज थेट झटापटीत घुसला. १९०९ च्या ‘स्टॅग ॲट शार्कीज’मध्ये आपण रिंगणाच्या खाली, गर्दीत उभे असतो. दोन देह एकमेकांवर रेललेले, रंगाचे जाड फटकारे; चेहरे नीट दिसतच नाहीत. चेहरे आहेत ते खालच्या बघ्यांचे, दात विचकणारे. त्याच वर्षीच्या ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’मध्ये (म्हणजे ‘दोघेही याच क्लबाचे सभासद’) एक काळा आणि एक गोरा बॉक्सर भिडले आहेत. वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १९०८ मध्ये, जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला होता. ज्या समाजात या दोघांना एका पंगतीत कुणी बसवलं नसतं, तिथे कायद्याला चुकवायला दोघे एका क्लबाचे सभासद. शीर्षकातला टोमणा तो हाच.

बेलोजला बॉक्सिंगमधलं फारसं कळत नव्हतं, असं तो स्वतःच सांगे. त्याला ओढ होती ती बघ्यांच्या चेकाळण्याची, असं मला वाटतं. बॉक्सिंगची त्याची तैलचित्रं इनमिन सहा. तीन १९०७ ते १९०९ मधली, बंदीच्या काळातली; उरलेली तीन १९२३-२४ ची. मधल्या काळात, १९२० मध्ये, बॉक्सिंग पुरतं कायदेशीर झालं होतं. सप्टेंबर १९२३ मध्ये हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यांच्या लढतीला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या स्टेडियमवर सुमारे ऐंशी हजार लोक जमले, आणि एका वर्तमानपत्राने रेखाटनं करायला बेलोजला रिंगणालगत बसवलं. फिर्पोने डेम्प्सीला दोरांबाहेर भिरकावलं, तो क्षण त्याने पुढच्या वर्षी रंगवला: स्वच्छ, रेखीव, उजळ. हे चित्र खूप गाजलं. मला मात्र शार्कीचा गुत्ताच सरस वाटतो.