घाटासाठी सुपरचार्जर निवडताना

सावंतवाडीकडून आंबोली घाट चढताना वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते, तेव्हा इंजिन साधारण दोन-अडीच हजार आरपीएमवर असते आणि नेमकी तिथेच ओढ हवी असते. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र, घेणारे बहुतेक जण जास्तीत जास्त अश्वशक्तीचा आकडा विचारतात. माझ्या मते कोकणात गाडी चालवणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हवेचा दाब किती आरपीएमला मिळतो आणि तो मिळवताना हवा किती तापते.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. 2 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला फार तर 6000 लिटर हवा ओढते, म्हणून ताकद वाढवायची तर तेवढ्याच जागेत अधिक हवा कोंबावी लागते. सुपरचार्जर हे काम करतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती पट्ट्याद्वारे इंजिनाकडूनच घेतो.

सर्वांत जुना प्रकार रूट्सचा. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हा मोटारगाडी अस्तित्वातच नव्हती. पुढे हे यंत्र लोहाराच्या भात्याप्रमाणे भट्ट्यांना वारा घालण्यासाठी वापरले गेले. उसाच्या चरकासारखी त्यातही दोन अंगे एकमेकांविरुद्ध फिरतात, पण ऊस चरकाच्या मधून जातो, तर इथे हवा कवचाच्या कडेकडेने पलीकडे जाते. या प्रवासात ती दाबली जात नाही. पुढे साचलेली दाबाची हवा उलटी घुसून तिला एकदम दाबते, आणि त्या धक्क्यात बरीच शक्ती उष्णतेत जाते. मात्र दाब अगदी कमी आरपीएमपासून मिळतो.

1930 च्या दशकात स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म यांनी विकसित केलेल्या जोडस्क्रू प्रकारात पिळदार दांड्यांमधील जागा पुढे सरकताना आक्रसत जाते. हवा आतच दाबली जात असल्याने तापते कमी, पण या दांड्या फार अचूक घडवाव्या लागतात आणि किंमत त्यामुळेच चढते.

सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या पंख्याने हवा बाहेर फेकून दाब देणारा, प्रकार समजायला वाडीतला डिझेल पंप पाहावा. त्याचा वेग थोडा कमी केला की सड्यावरच्या कलमांपर्यंत पाणी चढत नाही, कारण पंखा निर्माण करत असलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इथेही तेच घडते: 6000 आरपीएमला 0.5 बार अतिरिक्त दाब देणारा सुपरचार्जर 3000 ला जेमतेम 0.12 बार देतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तो उत्तम, कार्यक्षमताही चांगली. घाटाच्या वळणावर मात्र तो जवळपास स्वस्थ बसलेला असतो.

आता उष्णता. मे महिन्यात किनाऱ्यावर 32 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर हवेच्या दाबातला जवळपास चार टक्के वाटा पाण्याच्या वाफेचाच असतो. म्हणजे ऑक्सिजन मुळातच कमी. ही हवा दीडपट दाबावर नेली, तर 60 टक्के कार्यक्षमतेचा रूट्स तिला सुमारे 95 अंशांवर नेतो आणि 75 टक्क्यांचा स्क्रू सुमारे 82 अंशांवर. तेरा अंशांचा हा फरक किरकोळ नाही: तापलेली हवा विरळ होते आणि इंजिन नॉक करू लागते, म्हणजे आतले इंधन आपोआप पेटून ठोके देते. इंटरकूलर ही उष्णता काढतो, परंतु बाहेरच्या 32 अंशांखाली तो हवा नेऊ शकत नाही.

म्हणून घाटात नेहमी जाणे-येणे असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मी जोडस्क्रूच सुचवेन. पिळदार अंगांचा आधुनिक रूट्स जुन्यापेक्षा बराच सुधारलेला आहे, त्यामुळे दुसरी पसंती त्याला; सेंट्रिफ्यूगल मात्र घाटाऐवजी ट्रॅकवर वेग काढणाऱ्यांसाठी.

प्रकार कोणताही घेतला, तरी बंपरमागची इंटरकूलरची जाळी महिन्याकाठी बोटाने चाचपून पाहावी. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड धरली असेल, तर ती गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते.