कार्बाइडची पुडी आणि केळीचा गॅस : मागची गोष्ट

श्रावण लागला, उपवास सुरू झाले की केळीचा भाव चढतो आणि मग कुठल्यातरी शहरात धाड पडल्याची बातमी येतेच, कार्बाइडने पिकवलेली केळी पकडली, एवढे क्रेट नष्ट केले. लोक लगेच म्हणतात आम्ही केळी खाणंच सोडलं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचा शेतकरी ते ऐकून हळहळतो, कारण त्याने तर माल हिरवाच काट्यावर दिलेला असतो, तो ट्रकने नाहीतर रेल्वेने उत्तरेत गेला आणि पिकवला तिकडे कोणीतरी. नवती असो, पिलबाग असो की कांदेबाग, म्हणजे लागवड कुठलीही असो, आपल्याकडून जातो तो कच्चा माल.

पण मला जास्त टोचतं ते दुसरंच. रायपनिंग चेंबर म्हणजे फळं पिकवायची बंद गार खोली, तिथला गॅस आणि कार्बाइडचा गॅस एकच असं आपल्याच भागातले लोक समजतात. खरं तर चेंबरमधला गॅस इथिलीन, कार्बाइडमधून निघतो तो अॅसिटिलीन. "गॅसवर पिकवली म्हणजे कार्बाइडच ना ते" हे मी सावद्याच्या बाजारात ऐकलंय, केळीवर जगणाऱ्या माणसाच्या तोंडून. म्हणून ही सगळी मागची गोष्ट एकदा नीट लिहून काढावी वाटली, कोणी काय शोधलं, कशाचं पेटंट घेतलं आणि ते आपल्या वखारीपर्यंत कसं आलं.

आधी वखार. माझ्या मामाची वखार होती, छोटीच, तालुक्याच्या बाजारापुरता माल पिकवायची. पत्र्याचं दार, आत अंधार. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मामा वेल्डिंगवाल्याकडून आणलेल्या डब्यातून राखाडी रंगाचे दगड काढायचा, हातोडीने फोडायचा, पेपरच्या तुकड्यात बांधून पुड्या करायचा आणि फण्या रचताना मधेमधे ठेवायचा. पाणी घालायची गरज नव्हती, केळीचीच ओल पुरायची. वरून गोणपाट, दार बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दार उघडलं की लसणासारखा उग्र वास नाकात जायचा, डोळे चुरचुरायचे, आणि पुडीत दगडाऐवजी चुन्यासारखी पांढरी पूड उरलेली असायची, थोडी केळीच्या सालीवर सांडलेली. मामाच्या बोटांची टोकं कायम फुटलेली असायची. मामी घरी आणलेली प्रत्येक फणी धुवून घ्यायची, का ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो वास तिला पटत नव्हता.

हा दगड मुळात केळीसाठी नव्हताच. तो सापडला तो पण वेगळंच काही शोधताना. थॉमस विल्सन नावाचा कॅनडाचा एक संशोधक अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रे या गावी विजेच्या भट्टीवर काम करत होता, जेम्स मोरहेड नावाचा गिरणीमालक त्याचा भागीदार. त्यांना अॅल्युमिनियम स्वस्तात काढायचं होतं आणि त्यासाठी आधी कॅल्शियम हवं होतं, म्हणून विल्सनने चुना आणि डांबर एकत्र करून भट्टीत तापवलं. मे १८९२ मधली गोष्ट. जे निघालं ते त्याने पाण्याच्या बादलीत टाकलं, गॅस उसळला, त्याला वाटलं कॅल्शियम आहे म्हणजे हायड्रोजन निघाला असेल, पण पेटवल्यावर काजळी धरणारी ज्योत आली. हायड्रोजनची ज्योत काजळी धरत नाही, म्हणजे गॅसमध्ये कार्बन आहे. तो गॅस अॅसिटिलीन होता आणि तो दगड कॅल्शियम कार्बाइड. विजेच्या भट्टीच्या या रीतीचं पेटंट त्याला फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळालं.

खरं सांगायचं तर दोन्ही वस्तू आधीच माहीत होत्या. अॅसिटिलीन १८३६ मध्ये एडमंड डेव्हीने पाहिला होता, आणि कार्बाइड १८६२ मध्ये जर्मनीत व्होलरने चिमूटभर बनवलं होतं. फ्रान्समध्ये आंरी मोआसाँने विजेच्या भट्टीत त्याच सुमारास तेच केलं, आणि त्याच्या मदतनीसाने, ब्युलिएने, १८९४ ला स्वतःचं पेटंट घेतलं. त्यामुळे श्रेय कोणाचं यावर दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर शोध व्होलरचा, पण चिमटीतली वस्तू गोणीत भरून विकता येईल अशी केली ती विल्सनने, आणि पुढचं जे काही झालं, चांगलं आणि वाईट, ते गोणीमुळे झालं. अॅल्युमिनियम राहिलं बाजूला आणि कार्बाइडचे हक्क विकले गेले. त्या धंद्यातून १८९८ मध्ये जी कंपनी उभी राहिली तिचं नाव युनियन कार्बाइड. हो, तीच. आपल्याकडे घराघरात तिचे एव्हरेडीचे सेल होते, आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडलं ते तिच्याच भारतातल्या कंपनीच्या कारखान्यात. तिथला गॅस वेगळा, मिथाइल आयसोसायनेट, त्याचा या दगडाशी संबंध नाही, फक्त नावातलं कार्बाइड हे विल्सनच्या बादलीतून आलेलं आहे.

कार्बाइड आलं ते उजेड म्हणून. दगडावर थेंब थेंब पाणी पडू द्यायचं आणि निघणारा गॅस जाळायचा, एवढ्यावर दिवा चालतो, सायकलला लावला, खाणीतल्या कामगारांच्या टोपीला लावला. अडचण एकच, अॅसिटिलीन दाबून सिलेंडरमध्ये भरला की नुसत्या धक्क्याने फुटतो, हवा लागत नाही, ठिणगी लागत नाही. सुरुवातीला बरेच स्फोट झाले. मग १८९६-९७ च्या सुमारास क्लोद आणि हेस या फ्रेंच जोडीने तो अॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवायची युक्ती काढली, आणि स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने सिलेंडर भरून टाकणारा एक सच्छिद्र मसाला बनवला, जेणेकरून आत गॅसला एकदम फुटायला मोकळी जागाच मिळू नये. समुद्रातल्या दीपस्तंभांचे दिवे उजाडलं की आपोआप विझावेत अशी झडप पण त्याचीच. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, आणि त्याच वर्षी सिलेंडरच्या चाचणीत स्फोट होऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. आज वेल्डिंगच्या दुकानात अॅसिटिलीनचा सिलेंडर निवांत उभा असतो त्याच्यामागे हे आहे. आणि ज्याला सिलेंडर परवडत नाही तो अजून कार्बाइडच्या डब्यावरच काम करतो, मामाचा दगड तिथूनच यायचा.

आता केळीकडे. झाडाला गॅस कळतो ही गोष्ट रस्त्यावरच्या दिव्यांमुळे उघड झाली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत दिव्यांचा गॅस नळातून जायचा, तो गळायचा, आणि गळतीजवळच्या झाडांची पानं अवेळी झडायची. १९०१ मध्ये रशियात दिमित्री नेल्युबोव्हने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवलं की हे करणारा घटक इथिलीन.

इकडे कॅलिफोर्नियात लिंबूवाले हिरवी लिंबं बंद खोलीत रॉकेलचे स्टोव्ह लावून पिवळी करायचे. सगळ्यांची समजूत की ऊब लागते म्हणून पिवळी होतात. मग कोणी स्वच्छ हीटर लावून बघितला तर खोली तापली, लिंबं हिरवीच. म्हणजे काम ऊब करत नव्हती, धूर करत होता. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या फ्रँक डेनीने धुरातला तो घटक इथिलीनच असल्याचं दाखवलं आणि इथिलीन वापरून लिंबाला रंग आणायच्या पद्धतीचं पेटंट १९२३ मध्ये मिळवलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजीची अढी आठवली, पाचट-पाल्यात केळी दाबायची, कोपऱ्यात गोवरीची धुरी द्यायची आणि माती लिंपून बंद करायची. 'केयी धुईमधी पिकते' म्हणायची ती, म्हणजे केळी धुरातच पिकते. कॅलिफोर्नियाचा स्टोव्ह आणि आमच्या आजीची गोवरी, दोन्हीच्या धुरात काम करणारा गॅस एकच.

त्यावरची कडी म्हणजे १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेनने सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद हा गॅस स्वतःच सोडतं. केळीचंही तेच. म्हणजे इथिलीन हे बाहेरून घातलेलं विष नाही, फळाचा स्वतःचाच निरोप आहे तो, चेंबरमध्ये आपण फक्त सगळ्या फण्यांना तो एकाच दिवशी पोचवतो. एक पिकलेलं केळं घडात राहिलं की बाकीची भराभर पिकतात हे प्रत्येक घरात माहीत असतं, ते याच्यामुळे.

अॅसिटिलीन इथिलीनचा चुलतभाऊ, दोन्हीत दोनच कार्बन, एकात दुहेरी बंध, दुसऱ्यात तिहेरी. फळाची फसगत होते आणि ते पिकायला लागतं, पण त्यासाठी अॅसिटिलीन खूप जास्त लागतो आणि काम अर्धवट होतं, साल पिवळी, देठ हिरवा, आतला पिठूळ भाग गोड व्हायच्या आत रंग येऊन बसतो. आणि खरा धोका वेगळाच आहे. बाजारातलं कार्बाइड वेल्डिंगसाठी बनतं, शुद्ध नसतं, त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिक असतं, ओल लागली की त्यातून फॉस्फिन आणि आर्साइन हे विषारी गॅस निघतात. शुद्ध अॅसिटिलीनला जवळपास वासच नसतो. मामाच्या वखारीतला तो लसणाचा वास मुख्यतः फॉस्फिनचा होता. म्हणजे मामी जे नाकाने ओळखत होती ते बरोबर होतं, आणि सगळ्यात जास्त झळ खाणाऱ्याच्या आधी पुडी बांधणाऱ्याला लागत होती, रोज, वर्षानुवर्षं, याच्याबद्दल मात्र बातमीत एक ओळ नसते.

कायदा आपल्याकडे नवा नाही. अन्नभेसळीच्या जुन्या नियमांतच, १९५५ च्या, ४४ एए या नियमाने कार्बाइडच्या गॅसवर फळं पिकवायला बंदी घातलेली होती, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती तशीच आली. आणि २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, इथिलीनला रीतसर परवानगी दिली. आगीची भीती घालणारे भेटतात म्हणून सांगतो, इथिलीन हवेत साधारण २.७ टक्के झाला तर पेट घेऊ शकतो, आणि १०० पीपीएम म्हणजे ०.०१ टक्का.

मग प्रश्न असा की डेनीची पद्धत १९२३ पासून जगाला माहीत, त्या वेळी अमेरिकेत पेटंट १७ वर्षं चालायचं म्हणजे १९४० ला ते पण संपलं, कोणाला पैसे द्यायचे नव्हते, कोणाची परवानगी नको होती, तरी आपल्या वखारीत इतकी वर्षं वेल्डिंगचा दगड का? लोक म्हणतात व्यापारी लोभी. असतीलही काही. पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. आपली बसराई काय आणि ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश जातीच्या, आणि या जातीची एक खोड आहे, २४-२५ डिग्रीच्या वर पिकवली तर आतून मऊ पडते पण साल नीट पिवळी होत नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ ला जातो. उलट १३ च्या खाली गेली की थंडीचा चरका बसून साल काळवंडते. म्हणजे नुसता इथिलीन आणून भागत नाही, १६ ते १८ डिग्रीची खोली लागते, ९० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, २४ तास गॅस दिल्यावर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो, आणि मग चार-पाच दिवस थंडावा धरून ठेवावा लागतो. हे सगळं विजेवर चालतं. लोडशेडिंगच्या काळात दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची, तिथे मामाने हे कशावर करायचं होतं? पेटंट कधी आडवं आलंच नाही, आडवी आली ती गार खोली. कार्बाइडला ना वीज लागत होती ना भांडवल, एक हातोडी आणि जुना पेपर.

मधला मार्ग म्हणून इथेफॉन आलं. १९४६ मध्ये सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी बनवलेला पदार्थ, अमेरिकेच्या अॅमकेम कंपनीने साठच्या दशकात शेतीसाठी पुढे आणला. आम्लात तो शांत बसतो, आम्लपणा कमी झाला की त्यातून इथिलीन सुटतो. आजकाल पावडरच्या ज्या पुड्या मिळतात त्या याच्याच, आणि गॅस निघतो तो इथिलीनच, म्हणून नियमात चालतात, पण पुडी फळाला चिकटता कामा नये आणि त्या पाण्यात फळ बुडवून काढणं तर चालतच नाही. बाजारात हा फरक फार कमी जणांना माहीत आहे.

आणि एक उलट्या दिशेचा शोध. १९९६ मध्ये एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांना इथिलीनचा निरोप फळाला कळूच नये अशा पदार्थाचं पेटंट मिळालं, नाव १-एमसीपी, लांबच्या प्रवासात फळ कच्चं ठेवायला वापरतात, सफरचंदात सगळ्यात जास्त. हे दोघं नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतले. विल्सनची भट्टी ज्या राज्यात, त्याच राज्यात शंभर वर्षांनी हे.

मामा आता नाही. वखारीच्या जागी त्याच्या मुलाने कर्ज काढून दोन खोल्यांचं चेंबर बांधलंय, पफ पॅनेलचं, म्हणजे गारवा धरून ठेवणाऱ्या फोमच्या भिंतींचं, आत गेलं की फक्त कच्च्या केळीचा वास येतो. दारावर आतल्या तापमानाचा आकडा दिसतो, तो सारखा त्या आकड्याकडे बघत असतो. गेल्या मे महिन्यात रात्री लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल कमी, आणि आत गॅस देऊन एकच दिवस झालेला माल. दोन वाजता त्याने मला उठवलं, आम्ही मोटरसायकलवर कॅन घेऊन हायवेच्या पंपावर गेलो. परत आलो तेव्हा आकडा १७ वरून २१ वर गेला होता. जनरेटर सुरू झाला, पंखे फिरले, आणि तो दारापाशी उकिडवा बसून आकडा खाली उतरायची वाट बघत राहिला.