आंबट म्हणजे आंबवलेलं नव्हे

येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) आंबिलीला यीस्टची पुडी लागत नाही. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवलं की सकाळी ते आंबलेलं असतं. सावरडो पाव त्याच जातीचा. गव्हाचं पीठ पाण्यात कालवायचं, रोज थोडं काढून ताजं पीठ घालायचं. काही दिवसांत रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू त्यात ठाण मांडतात. जिवाणू संख्येने यीस्टच्या साधारण शंभरपट. यीस्टने सोडलेल्या वायूने पाव फुगतो, जिवाणूंमुळे आंबट होतो. ज्वारीत तो वायू धरून ठेवणारं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नाही, म्हणून आंबील आपण पितो.

यीस्ट आणि जिवाणू या दोघांचं उन्हाळ्यात बिनसतं. सावरडोतल्या एका नेहमीच्या यीस्टला २८ अंश मानवतात, ३६ नंतर त्याची वाढ थांबते. सोबतचा जिवाणू ३२-३३ अंशांना सुखात असतो आणि चाळिशीपर्यंत तग धरतो. त्यामुळे मे महिन्यात परभणीत पीठ ओट्यावर ठेवलं तर ते आंबट होतं, पण फुगायचं नाव घेत नाही. बेकरीवाल्याला थंडावाही हवा आणि बारा-चौदा तासही. दोन्हीला पैसे पडतात. मग भरपूर यीस्ट घालून दोन तासांत पाव फुगवायचा आणि आंबटपणा बाटलीतून आणायचा, हा मोह होतोच. जिभेला फरक कळेलच असं नाही. पण पिठातलं, विशेषतः कोंड्यातलं, फायटेट (खनिजं बांधून ठेवणारा घटक) मोडायला आम्लता आणि वेळ लागतो. ते मोडलं की लोह आणि जस्त अंगी लागतं. दोन तासांत हे काम अर्धवटच राहतं.

फ्रान्सने १९९३ साली नियमच केला: आंबवणाचा म्हणून विकायच्या पावाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.३ च्या वर नको, आणि त्यातलं ॲसिटिक आम्ल आंबवणातूनच आलेलं हवं. बेकरीचं यीस्ट मात्र पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत चालतं. तेव्हा घटकांच्या यादीत यीस्ट दिसलं की लबाडी, असं नाही.

आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. त्यात मीठ शोधा. पावात ते पिठाच्या दोनेक टक्के असतं. 'सावरडो पावडर' (वाळवलेल्या सावरडोची भुकटी) मिठाच्याही खाली असेल तर ती नावापुरतीच. बाटलीतला आंबटपणा यादीत असा दिसतो: आम्लता नियामक २६० म्हणजे ॲसिटिक आम्ल, २७० म्हणजे लॅक्टिक. अस्सल पावाची यादी पीठ, पाणी, मीठ एवढ्यातही संपते. सुट्या पावाला लेबल नसतं, तिथे पीठ कधी भिजवलं होतं ते विचारावं. आणि 'ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनाही चालेल' असं कुणी सांगितलं, तर सीलिॲकच्या (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) रुग्णाने तो पाव अजिबात घेऊ नये. गव्हाचं ग्लुटेन आंबवल्याने नाहीसं होत नाही.